साखरी दर मारुतीला थांबायची

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा नदीपलीकडे होती, म्हणून शिक्षण तिथेच राहिलं. कोणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. माहेरचे विचारतात, नशिराबादहून सारंगखेड्यापर्यंत एकटी घोडीवर कशी गेलीस? चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी म्हणते, गेले तशी गेले. पण रात्री पाठ टेकली की ती सगळी वाट परत डोळ्यांपुढून जाते. म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर नशिराबादच्या अलीकडे. आमचे हे लग्नाला घोडी द्यायचे. घोडीचं नाव साखरी, पांढरी म्हणून. पोळ्यानंतर यांना कावीळ झाली आणि त्यात हे गेले. लग्नसराई पुढे होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींसाठी लोकांनी आधीच इसार (आगाऊ पैसे) देऊन ठेवला होता. तो दवाखान्यात गेला. तेरावं झालं आणि एकेक जण दारात येऊन उभा राहिला. वाईट कोणीच बोललं नाही. मी म्हटलं, घोडी पाठवते. ते म्हणाले, घोडीचं काही नाही हो, पण लगाम कोण धरणार? मी शेजारच्या माणसाचं नाव सांगितलं. त्यावर ते खाली बघायचे. शेवटी एका घरच्या आजीने मोकळेपणी सांगितलं, "बाई, ज्या घरात आत्ता कुंकू पुसलं त्या घरची घोडी आमच्या नातवाला नको. इसार तेवढा परत दे, सवडीने दे."

सवड कुठली? साखरीशिवाय माझ्याजवळ विकण्यासारखं काहीच नव्हतं. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. पिकअपवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून मी घरी परतले. मग ठरवलं, घोडीवरच जायचं. वाटेत ती लंगडली किंवा अंगाने उतरली तर किंमत पडेल आणि किंमत पडली तर इसार फिटणार नाही, हे मला कळत होतं. दुसरा उपाय नव्हता.

बसणं मला नवं नव्हतं. माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. वडलांचं टट्टू होतं, डिंक आणि मोहफुलं खाली बाजाराला आणायला. खोगीर नसलेल्या त्या टट्टूवर मी शाळेत जायचे. लग्नानंतर मात्र कधी बसले नाही. साखरीला खरारा केला, तिची शेपूट विंचरली, गोंडे ओवले, पण ती नवरदेवाची घोडी. बाईने तिच्यावर बसायचं नाही असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. निघताना साडीखाली यांचा पायजमा घातला, साखरीचा तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) भरून घेतला, भाकरी बांधल्या आणि उजाडायच्या आत निघाले. कोणी बघू नये एवढंच मनात होतं.

जळगाव शहर डावीकडे ठेवून मी तापीच्या बाजूला उतरले. दोन्हीकडे केळीचे बाग. थंडीत केळीची पानं पहाटे ओली असतात आणि खालून चाललं की मानेवर थेंब पडतात. एका बागेत घड कापून ट्रक भरणं चाललं होतं. डोक्यावर चुंबळ घेतलेला एक गडी मला बघून ओरडला, "ताई, वरात कुठं चालली? नवरदेव कुठं सांडला?"

सगळे हसले. त्याला काय माहीत! मी पदर पुढे ओढला. दुसऱ्या एकाने पिकलेली फणी आणून साखरीच्या तोंडाशी धरली, चार केळी माझ्याही हातात दिली. म्हणाला, "त्याचं नका मनावर घेऊ. खा." मी खाल्ली. गोड होती. गिळवत नव्हती.

पुढच्याच गावात ती गोष्ट झाली, जिचा मी निघताना विचारच केला नव्हता.

आमच्याकडे नवरदेव मांडवात जाण्याआधी गावच्या मारुतीला जातो. घोडी देवळापुढे थांबते, नवरदेव उतरतो, नारळ फोडतो, प्रदक्षिणा घालतो, परत चढतो. मग लगाम धरणारा हाक देतो आणि वाजंत्री सुरू होते. साखरीला यांनी लहानपणापासून हेच शिकवलं होतं. शेंदूर दिसला की ती चारही पाय रोवते. आणि खानदेशात असं गाव कुठलं, ज्याच्या वेशीत मारुती नाही?

पाराजवळ ती थांबली. मी टाचा मारल्या, लगाम ओढला. ती हलेना. पारावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती.

"काय व माय, घोडी रुसली का?" एक आबा म्हणाले.

"नारळ फोडल्याबिगर हालायची नाही ती," दुसरे म्हणाले. "मारुतीची उधारी असंल मागची."

मी उतरले, पाया पडले, परत चढले. तरी ती उभीच. कान मागे करून ती कशाची तरी वाट बघत होती. कशाची ते मला ठाऊक होतं. हे हाक द्यायचे, "चला नवरदेव!" मोठ्याने, आवाज ओढून. त्या हाकेवर ती मान उडवून पाऊल टाकायची. दोनच शब्द. पण ते माझ्या तोंडात यायचे कसे? कुंकू पुसलेल्या बाईने भरल्या गावात नवरदेवाला हाक मारायची? आणि कुठल्या नवरदेवाला?

मी पदर डोक्यावरून काढला, तिच्या डोळ्यांवर बांधला आणि तिला ओढत पुढे नेलं. इतक्या माणसांसमोर डोकं उघडं टाकून चालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मागे कोणी हसलं नाही. उलट सगळे गप्प झाले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी असंच आणखी दोन गावांत झालं. मग मी ठरवलं, गावंच टाळायची. नदीच्या पात्रातून जायचं. तापीचं पात्र रुंद, पाणी एका कडेला, बाकी वाळू आणि झाऊची झुडपं. तिथे देऊळ नाही आणि माणूसही नाही. त्या वाटेवर मला जरा बरं वाटलं. पाण्यावर बगळे होते, पलीकडे सातपुडा धुक्यात निळा दिसत होता. माहेरचा डोंगर. मी तिकडे बघून थोडी रडले. तिथे रडायला कोणाची चोरी नव्हती.

पण गिरणा आडवी आली. पाणी गुडघाभर दिसत होतं, म्हणून साखरीला घातली. वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांनी तळाशी खड्डे करून ठेवलेले असतात आणि वरून ते दिसत नाहीत. मधोमध तिचे पुढचे पाय एकदम गेले. मी तिच्या मानेवरून पाण्यात पडले. नाकातोंडात पाणी गेलं, भाकरीचं गाठोडं वाहून गेलं. ती धडपडत उठली, मी तिच्या शेपटीला धरून काठावर आले. दोघी ओल्या, थंडीने कापत होतो. मी आधी तिचे पाय चाचपले. उजव्या पुढच्या पायाला खरचटलं होतं. चालवून पाहिली, तर पाय किंचित आखडत होती.

मी वाळूत बसले. मनात आलं, आता झालं. लंगडी घोडी कोण घेणार? परत जावं तर दारात लोक, पुढे जावं तर बाजारात हसं. खरं सांगायचं तर नदीत परत उतरावं असंही मनात आलं. पण साखरी जवळ येऊन उभी राहिली आणि अंगावर थरथरत पाणी झाडायला लागली. तिला एकटी टाकून जाता येत नव्हतं. पाय पुसून ओली हळद लावायला हवी होती. हळद गावात मिळणार होती. म्हणून गावात गेले. हळद मिळाली, आणि तेव्हापासून रात्री कोणाच्या तरी ओट्यावर पडायचे, कोणी ना कोणी शिळी भाकरी द्यायचं.

त्यानंतर पात्र सोडलं आणि दोन दिवस तिच्यावर बसलेच नाही, लगाम धरून पायी चालले. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले होते, गाडीतून उडालेले. अमळनेरच्या बाजूला बोली बदलली. "आहे"च्या जागी "शे" ऐकू यायला लागलं. देऊळ आलं की मी आधीच पदर काढून तिच्या डोळ्यांवर बांधायचे. तिचा पाय सुधारत होता. तेवढीच एक गोष्ट चांगली.

पांझरा जिथे तापीला मिळते तिथून थोडं अलीकडे एका गावात संध्याकाळी साखरी थांबली. मी पदर बांधायला गेले तर तिने मान झटकून तो फेकून दिला. पुन्हा बांधला, पुन्हा फेकला. ती कंटाळली होती माझ्या या फसवण्याला. अंधार पडला. देवळासमोरच्या घरातून एक म्हातारी कंदिलासारखी बॅटरी हातात धरून आली. गावात सगळे तिला अक्का म्हणत.

"कोठे चालनी व माय? घोडी काब हालत नई?" (कुठे चाललीस? घोडी का हलत नाही?)

मी पदर सावरला. अक्काने बॅटरी माझ्या कपाळावर धरली आणि लगेच खाली केली. म्हणाली, "घोडीले ऱ्हाऊ दे आठेच. तू घरमा चाल, जेवी ले." (घोडी राहू दे इथेच. तू घरात चल, जेवून घे.)

तिने फुनके (डाळ वाटून वाफवलेले मुटके) आणि कढी वाढली. किती दिवसांनी गरम खाल्लं! खाता खाता मी सांगायला लागले. एवढं मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. यांची हाक, साखरीचं थांबणं, माझ्या तोंडून ते शब्द न निघणं. अक्का ऐकत राहिली आणि मग हसली.

"मारुती ते बिनलगीनना शे. त्याले नवरदेवनं काय पडेल शे?" (मारुती तर बिनलग्नाचा आहे. त्याला नवरदेवाचं काय पडलंय?)

"लोकांना असतं ना, अक्का."

"लोकसले ऱ्हास. घोडीले नई. म्हनी टाक." (लोकांना असतं. घोडीला नसतं. म्हणून टाक.)

सकाळी धुकं होतं. साखरी तिथेच उभी होती. अक्काने तिला कडबा टाकला होता. मी चढले, तोंड उघडलं, पण आवाज येईना. अक्का ओट्यावर उभी राहून बघत होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "चला नवरदेव."

शब्द अगदी बारीक निघाले. पण साखरीने मान उडवली, अंगावरचं दव झाडलं आणि पाऊल टाकलं. माझा आवाज तिने यांचा म्हणून घेतला की काय, मला कळलं नाही. गावाबाहेर येईपर्यंत मी ओठ दाबून बसले होते. यांच्या मागे यांचं म्हणून एवढंच माझ्याजवळ होतं, ती हाक. ती मी न वापरता ठेवली होती. आता तीही काढली.

तिथून पुढे दर मारुतीपुढे ते शब्द म्हटले. पहिल्यांदा पुटपुटायचे, मग जरा मोठ्याने. बायका पाण्याची हंडी खाली ठेवून बघायच्या. एकीने दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "येडी शे का?" (वेडी आहे का?) मी मान वर केली नाही.

दोंडाईच्याजवळ पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली होती. जमिनीवर नुसता लाल रंग. मिरचीचा खाट (ठसका) हवेत होता. साखरीला शिंका येत होत्या, माझे डोळे वाहत होते. एक मिरची निवडणारी बाई म्हणाली, इथे सगळ्यांचेच वाहतात, कोणी विचारत नाही. तिच्या शेजारी मी बराच वेळ बसले.

तापीच्या पुलावरून बाजार दिसला. घोडेच घोडे. काळे, तांबडे, पांढरे, त्यांच्यावर झुली, कोणी पळवतंय, कोणी नाचवतंय, हलगी वाजतेय. गुजरातेतून आलेले व्यापारी तंबूपुढे खाटा टाकून बसले होते. साखरी त्यांच्यात लहान दिसायला लागली. मी एका कडेला लिंबाखाली तिला बांधली आणि तिच्याआड बसले. लोक येत, दात बघत, विचारत, "मालक कोठे शे?" मी म्हणे, मीच. मग ते पुढे जात. दुसऱ्या दिवशी एकजण जो भाव बोलला त्यात तिचं खोगीरही निघालं नसतं.

तिसऱ्या दिवशी देवपूरचे एक नाना आले. धुळ्यात लग्नाला घोड्या देणारे, वयस्कर, डोक्याला मफलर. त्यांनी साखरीचा पाय दाबून पाहिला आणि विचारलं, "हाऊ पाय पाणीमा गयथा का?" (हा पाय पाण्यात गेला होता का?) मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं नाही. नाना म्हणाले, बरं, चाल बघू, आणि आपल्या माणसाला वर बसवलं.

साखरी काय सुरेख चालली! पाय अजिबात आखडला नाही. बघणारे गोळा झाले. मैदानाच्या टोकाला वाटेवर शेंदूर फासलेला एक लहानसा मारुती होता. माझं लक्षच गेलं नव्हतं तिकडे. साखरीचं गेलं. ती थांबली.

नानांच्या माणसाने टाचा मारल्या. मग चाबूक काढला. एक मारला, दोन मारले. ती डोळे मिटून उभीच. "अडियल शे! (हट्टी आहे!) नाना, पैसा पाणीमा टाकी ऱ्हायनात तुम्ही!" (पैसे पाण्यात टाकताय तुम्ही!) कोणीतरी ओरडलं. नानांनी मान हलवली आणि मफलर नीट करून निघायला लागले. ते गेले असते तर त्या बाजारात पुन्हा तिच्याकडे कोणी बघितलं नसतं.

चाबूक परत वर गेला. मी उठले. एवढी माणसं, सगळे पुरुष. मी ओरडले, "चला नवरदेव!"

यांच्यासारखाच आवाज ओढला गेला. माझाच मला तो ऐकू आला. साखरीने मान उडवली आणि नाचत निघाली. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मी तोंडावर पदर दाबून खाली बसले.

नाना माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. हळूच विचारलं, "मालकनी शिकाडेल का?" (मालकांनी शिकवलेलं का?) मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी साखरीकडे बघितलं. मग म्हणाले, "घोडीमा दोष नई. भाव बी बराबर दिसू. पन कोना घरनी शे हाई मी कोनले सांगाव नई. तू बी सांगू नको." (घोडीत दोष नाही. भावही बरोबर देईन. पण कोणाच्या घरची आहे हे मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस.)

"बरं," मी म्हटलं.

"आखो एक डाव म्हन. ध्यानमा ऱ्हावाले." (अजून एकदा म्हण. लक्षात राहायला.)

मी म्हटलं. नानांनी माझ्या मागोमाग म्हटलं, एकदा बरोबर, एकदा चुकीचं. मी त्यांना "चला" कुठे ओढायचं ते सांगितलं. पैसे पदरात बांधले. खोगीर, झूल, गोंडे सगळं गेलं, तोबरा मात्र मी काढून घेतला.

नाना तिला घेऊन निघाले. मारुतीपाशी ती थांबली, तसे मीही थांबले. मला वाटत होतं, आता नाही हलणार. परका आवाज आहे, ती ओळखेल. मागे वळून बघेल.

"चला नवरदेव," नाना म्हणाले.

ती गेली. सरळ गेली. तिला ना यांचा आवाज हवा होता, ना माझा. तिला ते दोन शब्द पुरत होते. गर्दीत पांढरी शेपूट थोडा वेळ दिसली, मग दिसली नाही.

परत दोंडाईच्याहून पॅसेंजरने आले. जी वाट चालायला इतके दिवस लागले ती जेवणवेळेच्या आत सरली. खिडकीतून शेतं, ओढे, मध्येच एखाद्या गावाचा कळस. प्रत्येक गाव आलं की मी शेंदूर शोधत होते. एवढ्या वेशींतून मी गेले, इतक्या लोकांनी भाकरी दिली, हसले, विचारपूस केली. घराबाहेर एवढा मुलूख आहे हे मला आत्ता कळलं. पण यात बघण्यासारखं काय होतं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी सगळं डोळ्यांतल्या पाण्यातून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन इसार परत करायला लागले. बहुतेकांनी पाणी विचारलं. शेवटचं घर त्या आजीचं. त्या दिवशी तिथे नातवाची वरात निघायची होती. दारात फुलं लावलेली मोटार उभी होती, बँडवाले चहा पीत होते. मी कडेने जाऊन ओट्याखाली उभी राहिले. नवऱ्या मुलाची आई बाहेर आली, हाताला हळद. मी पैसे पुढे केले. तिने हात मागे घेतला. मग तिलाच कसनुसं झालं असावं.

"आज हातात नको गं," ती म्हणाली. "तिथं ओट्यावर ठेव ना."

"मोजून घ्या," मी म्हटलं.

"असतील बरोबर."

मी नोटा ओट्यावर ठेवल्या. वारा होता, म्हणून अंगणातला एक दगड त्यावर ठेवला. बँड सुरू झाला. मोटार मारुतीपर्यंत गेली, थांबली, नवरदेव उतरला, नारळ फोडला, परत बसला. माझे ओठ आपोआप हलले. मोटार कोणाच्याही हाकेशिवाय निघाली.

वळणावर जाऊन मी मागे बघितलं. ओट्यावर नुसता दगड होता. नोटा कोणीतरी उचलल्या होत्या. सगळ्यांचा इसार फिटला.